पहिली ते चौथीला ढाल हवी की मैदान?

म्हसरूळची_आई:
परवा लेकीच्या शाळेत क्रीडा महोत्सव झाला. ती तिसरीत आहे. आदल्या रात्री पांढऱ्या ड्रेसला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश, सगळं साग्रसंगीत. दुपारी घरी आली तर गुडघ्याला माती नाही की कॉलरला घाम नाही. धूळ लागली होती ती फक्त बसायच्या जागी! आठ ते साडेअकरा ती चौथीच्या बारा जणींच्या खो-खोला टाळ्या वाजवत होती. का, तर तालुका स्पर्धेत जिंकणाऱ्याला मिळणारी ढाल आपल्याकडेच राहते ही शाळेची परंपरा. जूनपासून मैदान त्या बारा जणींचं आणि बाकीच्यांच्या पीटीच्या तासाला गणिताचा राहिलेला धडा. माझं स्पष्ट मत आहे, चौथीपर्यंत निवडक संघ नकोच.

गोल्फक्लब_पहाटे:
ताई, ढालीला नावं ठेवू नका. मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठकडचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. जिल्ह्याला खेळायला आलो तेव्हा समोरच्यांच्या पायात बूट, आम्ही अनवाणी. जिंकून गेलो तर रात्री गावात गूळ वाटला. ती ढाल अजून गुरुजींच्या खुर्चीमागे आहे. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाईत रौप्य. असं पोर ओळखायचं तर लहानपणीच चाळणी लावावी लागते.

चांदवडचा_कांदा:
दादा, आमच्याकडचंही एक उदाहरण घ्या की. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नौका वल्हवली, २०१८ ला आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या चौघांत होता. वल्हं हातात घेतलं कधी? लष्करात गेल्यावर. आठ वर्षांच्या पोराला चाळणी लावली असती तर कुठल्या ढिगात पडला असता तो?

गोल्फक्लब_पहाटे:
त्याआधी विहिरी खोदून अंग कमावलं होतं त्याने. शहरातली पोरं काय खोदतात, मोबाइल?

चांदवडचा_कांदा:
अहो, म्हणूनच तर त्यांना बसवून ठेवू नका म्हणतोय!

खडू_आणि_शिट्टी:
मी प्राथमिक शिक्षिका. दोघंही शाळेला बोलताय, पण शाळेत आहे कोण? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात मैदान सगळ्या शाळांना सांगितलंय. शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, मात्र सहावी ते आठवीला, तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला नाही. मग भाषा, गणित, पोषण आहाराची नोंद आणि शिट्टी, सगळं माझ्याच गळ्यात. मी बारा जणी निवडते कारण खो-खोत मधल्या पाटीवर आठ बसतात, नववी पाठलाग करते आणि तिघी राखीव. साठ पोरांना एकदम खो देता येत नाही.

सिडको_जुना:
हल्ली पालकांना भाग घेतल्याचंही पदक हवं असतं. हरायला शिकू द्या जरा.

म्हसरूळची_आई:
काका, हरायला आधी खेळावं लागतं. तिला तेवढीही संधी मिळाली नाही.
बाई, तुमची अडचण पटली, त्यामुळे ‘संघ बंद’ हे मी मागे घेते. पण लंगडीला ना खांब लागतात ना पाट्या, फक्कीने एक चौकोन आखला की झालं. वर्गाचे चार गट करा, शनिवारी सकाळच्या शाळेत आळीपाळीने सगळे उतरतील. गटाचे गुण फळ्यावर लिहा. त्यातूनच चौथीत संघ निवडा.

गोल्फक्लब_पहाटे:
लंगडी चालेल. त्यात तोल आणि दम दोन्ही कळतं. पण डिसेंबर उजाडला की संघाला रोज सराव हवा, तिथे आळीपाळी नको. खो मिळाल्यावर न अडखळता उठणं आठवड्यातून एका शनिवारी येत नाही.

खडू_आणि_शिट्टी:
दिवाळीपर्यंत गट, नंतर संघ. एवढं मी मुख्याध्यापकांपुढे मांडू शकते. मात्र शनिवारी दोन पालक मैदानावर लागतील, नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर नकोत.

म्हसरूळची_आई:
एक मी. फक्कीची पिशवीही आणते.

सिडको_जुना:
दुसरा मी. पण रेघा सरळ आखा, मागच्या वेळी चौकोनाची भाकरी झाली होती.