शेंदरी बोंडअळीची सुप्तावस्था आणि मे महिन्यातील लागवड
ठिबकवर मे महिन्यातच कापूस लावणाऱ्या चोपडा-जळगाव भागातील शेतकऱ्यांना जूनपर्यंत थांबायला सांगणे अन्यायाचे आहे, असा एक आक्षेप आहे. त्यांची अडचण खरी आहे. मात्र जूनपर्यंत थांबण्याच्या या सल्ल्यामागे कापसावरील शेंदरी बोंडअळीच्या जीवनक्रमाचे पक्के कारण आहे. दिवस लहान होऊन गारवा वाढला, की पूर्ण वाढलेल्या शेंदरी अळ्यांपैकी बऱ्याच अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. शरीरात चरबी साठवून, पोखरलेल्या दोन सरक्या (कापसाच्या बिया) रेशमी धाग्याने जोडून, त्या पोकळीत कित्येक महिने निपचित पडून राहतात. लांबवलेली फरदड (वेचणी झाल्यावरही शेतात राखलेला कापूस) आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांवरची (कापसाच्या वाळलेल्या झाडांवरची) किडकी बोंडे हा त्यांचा हक्काचा निवारा. पुढे दिवस मोठा होऊन ऊब व ओलावा मिळाला, की या अळ्यांचे पतंग होऊन बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य थोड्याच दिवसांचे असते आणि तेवढ्यात पाते (कापसाची कळी) किंवा फूल मिळाले नाही, तर वंश न वाढवताच ते मरतात. मेमधील लागवड नेमकी त्याच वेळी पात्यावर येते. डोमकळी (अळीने पाकळ्या आतून जोडल्याने न उमललेले फूल) दिसते तेव्हा अळी आत बसलेली असते व तिच्यापर्यंत फवारा पोहोचत नाही. सरकीतून अळ्या जिनिंगमध्येही (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातही) जातात, म्हणून कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) तिथेही लावायलाच हवेत.