हवामान स्वतः आखायला मिळालं, तर बेळगावचंच ठेवाल का?

टिळकवाडीकर
आकड्यांत सांगा, नुसतं 'छान गारवा' नको. माझा आराखडा असा: दिवसा २९ अंश, रात्री १५, एप्रिलातही ३३ च्या वर नाही. पाऊस ९०० मिमी, जून ते सप्टेंबर, तोही रात्री दहा ते पहाटे पाच. शहर साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यानं निम्मं काम झालेलंच आहे. भिंतींना बुरशी आणणारी जुलैची झड तेवढी काढायची.

भातवाला, खानापूर
झड काढलीत तर भाताच्या गाद्यांत, म्हणजे खाचरांत, पाणी कुठलं ओ? आणि बेरीज किती यापेक्षा कधी पडतो ते महत्त्वाचं. धूळवाफ पेरणीला मे महिन्यात वळवाचे दोन-तीन पाऊस लागतात, म्हणजे ढेकळं फुटतात. मग रोहिणीत कोरड्या मातीत पेरायचं आणि मृगानं वेळेवर यायचं. मधेच हलकी सर आली तर बी फुगतं, मोड येतो आणि वाळतो. दुबार पेरणी आलीच. जोराची आली तर मातीवर पापुद्रा धरतो, कोंब आतच गुदमरतो. तुमच्या यादीत वळीवच नाही!
रात्रीचा पाऊस मात्र मान्य. भाताचं फूल सकाळी नऊ ते बारा उघडतं, तेव्हा सर आली तर पराग धुऊन जातो आणि दाणा पोचट राहतो.

द्राक्षवाला, अथणी
तुम्ही दोघंही ओलेचिंब. ६०० मिमी पुष्कळ झाला, बाकी कोरडी हवा द्या. बेदाण्याचं गणित बघा: १०० लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, त्यात घड बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे. हवा कोरडी असली तर १२ ते १५ दिवसांत माल तयार. ढगाळ राहिलं तर वीस दिवस उलटतात, हिरवा माल तांबूस पडतो, बुरशी येते ती वेगळी.
माणसालाही तेच सोसतं. ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर खोली २६ पर्यंत आणतो. ३० अंश आणि ८५ टक्क्यांत त्याच कूलरनं दोन अंशही उतरत नाहीत, उलट गादी ओलसर होते.

भातवाला, खानापूर
६०० मिमीवर द्राक्षं? कृष्णेचं पाणी महाबळेश्वराकडून येतं, ते का मोजत नाही? सौंदत्तीचं नविलतीर्थ धरणही आमच्या खानापुरातल्या कणकुंबीच्या झडीवर भरतं, कारण मलप्रभा तिथंच उगवते. कोरडी हवा तुमची, पण द्राक्षांचं पाणी दुसऱ्याच्या चिखलातून येतंय.

निपाणीकर
तंबाखूची एकच अट. पानावर चिकट थर धरला की काढणीपर्यंत थेंब नको, एका सरीत सगळा धुऊन जातो आणि दर पडतो. बाकी तुम्ही काय ते ठरवा.

टिळकवाडीकर
बरं, वळीव धरला, एकूण १३०० केले. ऑक्टोबर कोरडा ठेवू?

द्राक्षवाला, अथणी
ठेवा! छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की केवडा रोग आलाच.

भातवाला, खानापूर
हस्ताचा पाऊस काढलात तर दाणा भरायच्या वेळी गादी भेगाळते. आणि अण्णा, तुमच्याच भागातला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, हस्ताच्या ओलीवर पेरतात ना?

द्राक्षवाला, अथणी
ते खरं आहे. मग हस्त राहू दे, छाटणी १२ ऑक्टोबरच्या पुढं ढकलतो. पण चित्रा नक्षत्रात थेंब नको.

भातवाला, खानापूर
चित्रात आम्हालाही नको, पिकलेलं भात आडवं होतं.

टिळकवाडीकर
आणि माझी जुलैची झड?

भातवाला, खानापूर
ती राहणार. बुरशीला चुना मारा.