शेल्टरमधून कुत्रं आणलंय? तुमचा अनुभव सांगा

परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "गावठीच पाळायचं होतं तर तिथवर कशाला गेलात?" ज्यांनी आणलंय त्यांनी लिहा. नुसतं गोडगोड नको. परत द्यावं लागलं असेल तर तेही येऊ द्या. सुरुवात मीच करते.

छत्रपती संभाजीनगर
पिल्लू आणायला गेले होते. कोपऱ्यात दोन वर्षांची एक कुत्री भिंतीकडं तोंड करून बसली होती, तीच घेऊन आले. चिंगी. डाव्या कानाचा तुकडा कापलेला. मला वाटलं मारामारीत गेला असेल, तर ती नसबंदीची खूण निघाली. तीन दिवस दिवाणाखालून बाहेर आली नाही. सहाशे रुपयांच्या खाद्याला तोंडही लावलं नाही. चौथ्या दिवशी ताकात ज्वारीची भाकर कुस्करून ठेवली आणि झोपले. रात्री चपचप आवाज आला. दिवा लावला नाही, तशीच पडून राहिले. अंगाला हात लावू द्यायला तिनं पुढं दीड महिना घेतला.

परभणी
आमचा महिनाभर धडधाकट होता, मग एकदम गळाठला. हिरड्या पांढऱ्याफटक. व्हेटर्नरी कॉलेजात नेला, रक्त तपासलं, गोचीडताप. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन. गोळी गुळात लपवली तर हा गूळ चाटून गोळी थुंकायचा! आणल्याबरोबर रक्त तपासून घ्या, लसींचं कार्डही मागून घ्या.

बीड
मी अकराव्या दिवशी परत दिलं. फॉर्मवर 'घरमालकाची परवानगी आहे का' असं विचारलं होतं. मी 'आहे' लिहिलं. नव्हती. दिवसभर खोलीत एकटं भुंकायचं, मालक वर आले, विषय संपला. शेल्टरवाले एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

(बीडकर, रस्त्यावर सोडून दिलं नाहीत ना? मग झालं. - चिंगीवाली)

नांदेड
आमची आजी सोवळ्याची. कुत्रं उंबऱ्याच्या आत नको म्हणजे नको. महिनाभर ते ओसरीवर आणि आजी त्याच्याशी अबोला धरून. चंपाषष्ठीला नैवेद्य झाला, खंडोबाच्या कुत्र्याचा घास काढायची वेळ आली. दरवर्षी मी ताटली घेऊन गल्लीत कुत्रं शोधत हिंडायचो. यंदा आजीच म्हणाली, "हिंडतोस कशाला, घरचं हाय की." भरितात कांदा होता, तो कुत्र्याला बाधतो, म्हणून नुसता बाजरीचा रोडगा दिला. आजी रुसली, देवाचा घास अर्धा ठेवला म्हणून! आता ते देवघर सोडून घरभर हिंडतं.

लातूर
मे महिन्यात फिरवायला पहाटेच न्या. ऊन चढल्यावर डांबराला हात टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्याचे पायही पोळतात. आमच्याकडं पाण्याचं घमेलं माठाशेजारी असतं, आणि साहेब माठाला टेकून झोपतात. दोन माठ फुटले.