संगणकशास्त्र की विद्युत अभियांत्रिकी: निवड कशावरून करावी?

प्रश्न
मी विद्यापीठात पहिल्या वर्षाला असून वर्षअखेरीस मला या दोहोंपैकी एक शाखा निवडायची आहे. प्रोग्रॅम लिहायला मला मनापासून आवडते. पण प्रयोगशाळेत सर्किट जोडल्यावर ऑसिलोस्कोपवर हवी तशी लहर उमटली, की तेवढाच आनंद होतो. नोकरीबद्दल सल्ले पुष्कळ मिळतात, परंतु पुढील वर्षांत नेमके काय शिकावे लागते, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर १
दोन्हीकडचे गणित वेगळे आहे आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते. संगणकशास्त्रात तर्कशास्त्र, संच, ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित) आणि संभाव्यता यांवर भर असतो. प्रोग्रॅम चालला एवढ्याने भागत नाही, तर अल्गोरिदम, म्हणजे प्रश्न सोडवण्याची पायरीपायरीची रीत, प्रत्येक इनपुटसाठी बरोबर उत्तर देतो हे सिद्ध करावे लागते. काही प्रश्न कोणताही अल्गोरिदम सोडवू शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवले, तेव्हा आजच्यासारखे संगणक अस्तित्वातही नव्हते. याउलट विद्युत अभियांत्रिकीत कॅल्क्युलस, डिफरन्शियल समीकरणे आणि फूरिये रूपांतर (लहरीची साध्या लहरींत फोड करण्याची पद्धत) सतत सोबत असतात, आणि शिवाय वस्तू कधीच नेमकी नसते: पाच टक्के टॉलरन्सचा (म्हणजे मूल्यात तेवढा फरक चालणारा) १००० ओहमचा रेझिस्टर (विद्युतप्रवाहाला रोध करणारा घटक) प्रत्यक्षात ९५० ते १०५० ओहमच्या दरम्यान कितीही असू शकतो, तरीही सर्किट चाललेच पाहिजे. यांपैकी कोणत्या अडचणीशी तासन्‌तास झुंजायला तुम्हाला आवडेल, ते पाहावे.

उत्तर २
वरील मत पटते, पण सीमा इतकी ठळक नाही. रिले (विजेने चालणारे स्विच) सर्किटांना बूलीय बीजगणित (खरे आणि खोटे या दोनच मूल्यांचे बीजगणित) लागू पडते, हे अभियंते क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली पदव्युत्तर प्रबंधात मांडले आणि डिजिटल सर्किटांची रचना त्यावर उभी राहिली. तुमच्या विद्यापीठात संगणक अभियांत्रिकी असेल, तर प्रोसेसरची रचना, एम्बेडेड सिस्टिम (उपकरणाच्या आत बसवलेले छोटे संगणक) आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय तिथे एकत्र मिळतात. ती नसल्यास मी विद्युत अभियांत्रिकी सुचवेन, कारण प्रोग्रॅमिंग स्वतः शिकता येते, प्रयोगशाळा मात्र घरी उभारता येत नाही.

उत्तर ३
या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. प्रोग्रॅमिंगची भाषा स्वतः शिकता येते हे खरे. परंतु कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) किंवा कॉम्प्लेक्सिटी थिअरी (प्रश्न सोडवायला किती वेळ आणि मेमरी लागते याचा अभ्यास) मार्गदर्शनाशिवाय नीट शिकणारे विद्यार्थी मी फार कमी पाहिले आहेत. पहिल्या वर्षाच्या अनुभवावर विसंबू नका. दोन्ही शाखांच्या तिसऱ्या वर्षाच्या गृहपाठाचे प्रश्न मिळवा, ग्रंथालयातील पुस्तक शेजारी ठेवून त्यांतले थोडे सोडवून पाहा, आणि उत्तर चुकल्यावरही कोणता प्रश्न सोडून द्यावासा वाटत नाही, याची नोंद ठेवा.