रेडी रेकनर नव्हे, इंडेक्स टू बघा
रेडी रेकनरवरून, म्हणजे जागेच्या सरकारी दरांच्या तक्त्यावरून, फ्लॅटची किंमत ठरवा असा सल्ला काही जण देतात, तो कृपया मानू नका. नोंदणी विभागाच्या ई-सर्च या वेबसाइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, फुकट बघता येतो. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. बाजारभाव हा मुद्रांक शुल्कासाठी सरकारी दराने काढलेला आकडा. सौदा कितीला झाला ते मोबदल्यात कळतं. त्याच सोसायटीतले अलीकडचे दस्त काढा. क्षेत्रफळ कारपेट (आतलं वापरायचं) लिहिलंय की बिल्टअप (भिंती धरून), हे आधी तपासा, नाहीतर दर साफ चुकतो. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर चौरस फूट काढायला १०.७६४ने गुणा. पार्किंग धरलंय का तेही वाचा. रोखीतली रक्कम मात्र इथे दिसत नाही. आणि नात्यातली बक्षीसपत्रं तुलनेला अजिबात घेऊ नका.