बेसबॉल कार्डं: वर्षाला 600 डॉलर, कुठून सुरुवात करावी?

एडिसनकर
नमस्कार मंडळी. लेकाला (वय 12) बेसबॉल कार्डांचं वेड लागलंय. वर्षाला 600 डॉलरपर्यंत तयारी आहे, पण ते नुसते डबे फोडण्यात उडू नयेत. सीलबंद बॉक्स घ्यावेत की सुटी कार्डं? एकाच खेळाडूची दहा-दहा ‘रूकी’ (पदार्पणाच्या वर्षाची कार्डं) दिसतात, त्यातलं खरं कुठलं धरायचं? ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून कार्डाच्या अवस्थेला 10 पैकी ग्रेड घ्यायला, पाठवण्यात अर्थ आहे का? आणि क्रोम (चकचकीत थराची) कार्डं पापडासारखी वाकलीत, ती सरळ होतात का?

डबलप्ले
सुटी कार्डं घ्या. बॉक्स ही सोडत आहे. फोडायची मजा हवीच असेल तर वर्षात एखादा ब्लास्टर (दुकानातला छोटा बॉक्स) आणावा आणि तो खर्च सिनेमाच्या तिकिटात धरावा. टॉप्स कंपनीच्या 2024 च्या ‘क्रोम अपडेट’ संचात पॉल स्कीन्स या पिचरचं पदार्पणाच्या जर्सीवरचा पॅच असलेलं कार्ड एका 11 वर्षांच्या मुलाला निघालं आणि मार्च 2025 मध्ये 11 लाख डॉलरच्या वर गेलं. जगात ते एकच होतं. बाकीच्या डब्यांत काय निघालं याची बातमी होत नाही.

रूकीचा घोळ असा. खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की त्याच्या कार्डावर ‘आरसी’ (रूकी कार्ड) शिक्का येतो (ही पद्धत 2006 पासूनची). त्याच्या आधी, तो मायनर (धाकट्या) लीगमध्ये असताना, टॉप्सच्याच बोमन ब्रँडचं पहिलं कार्ड निघतं. त्यावर हल्ली ‘1st’ अशी खूण असते. नियमाने ते रूकी नाही, पण बोमन क्रोमवर सही असेल तर बाजार त्यालाच जास्त मानतो. माइक ट्राउटचं उदाहरण घ्या. 2011 टॉप्स अपडेट, क्रमांक यूएस175, हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं रूकी. पण ऑगस्ट 2020 मध्ये 39 लाख डॉलरच्या वर गेलं ते 2009 च्या बोमन क्रोम ड्राफ्टचं सहीवालं सुपरफ्रॅक्टर, 1/1, म्हणजे जगात एकच.

सहीच्या बोमन क्रोममध्ये रंगांची उतरंड साधारण अशी (आकडा म्हणजे किती प्रती छापल्या): साधा रिफ्रॅक्टर (इंद्रधनुषी चमकीचं कार्ड) 499, जांभळा 250, निळा 150, हिरवा 99, सोनेरी 50, नारिंगी 25, लाल 5, सुपरफ्रॅक्टर 1. तुमच्या बजेटमध्ये प्रॉस्पेक्टच्या (अजून मायनर लीगमधल्या होतकरूंच्या) नादी लागू नका, त्यातले बहुतेक मोठ्या लीगमध्ये टिकतच नाहीत. ज्यांचं नाव झालंय त्यांची साधी रूकी घ्या: ओहतानीचं 2018 टॉप्स क्रोम क्रमांक 150 किंवा अपडेट यूएस1, सोटोचं 2018 अपडेट यूएस300. पिचरपेक्षा बॅटर बरा. कोपराचं एक ऑपरेशन झालं की पिचरचा भाव बसतो. पनिनी या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवर संघाचा लोगो नसतो, म्हणून ती स्वस्त असतात आणि पुढेही स्वस्तच राहतात.

भाव बघताना विक्रेता काय मागतोय ते सोडा. ईबेवर ‘सोल्ड’ (विकलं गेलेलं) फिल्टर लावा. ‘बेस्ट ऑफर’ने गेलेल्या मालाचा खरा आकडा तिथे दिसत नाही, तो 130पॉइंट या साइटवर बघायचा. खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीत. सीझन सुरू होताना मार्च-एप्रिलमध्ये सगळे जागे होतात.

चौथा_कोपरा
ग्रेडिंगबद्दल. आधी आकडेमोड, मग कौतुक. समजा कच्चं (ग्रेड न केलेलं) कार्ड 40 डॉलरला, ग्रेडिंग आणि दोन्हीकडचं टपाल मिळून 35. एकूण 75. पीएसए या ग्रेडिंग कंपनीचं 10 (सर्वात वरचा ग्रेड) विकलं जातं 150 ला, 9 विकलं जातं 55 ला. ईबेचं सुमारे 13 टक्के कमिशन वजा केलं की हातात 130 किंवा 48. म्हणजे 10 आलं तर 55 नफा, 9 आलं तर 27 तोटा. तीन कार्डांत एक तरी 10 आलं तर कुठे बरोबरी होते. 9 चा भाव खर्च भरून काढत नसेल तर कार्ड घरीच बरं.

पाठवायच्या आधी ते असं तपासा. टेबल लॅम्प तिरका ठेवा, कार्ड कडांनी धरा आणि हळूहळू कलवा. समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. उजेड घसरत गेला की क्रोमवर केसासारखी सरळ रेघ उमटते. ती छपाईची रेघ, पुसून जात नाही. बारीक खळगेही तेव्हाच कळतात. मग 10 पटीच्या लूपने (भिंगाने) चारही कोपरे, आणि मागची बाजू नक्की. गडद रंगाच्या कडेवर पांढरा ठिपका मागूनच आधी दिसतो.

सेंटरिंग (समोरासमोरच्या किनारी किती सारख्या) मोजाच. पीएसए 10 ला समोर 55/45 च्या आत लागतं, मागे 75/25 चालतं. डावी किनार 2.2 मिमी, उजवी 1.6 मिमी असेल तर ते झालं 58/42. फरक फक्त 0.6 मिमी, पण 10 गेलं.

धूळ कोरड्या मायक्रोफायबरने अलगद टिपा. पॉलिश, पाणी, कडा ‘नीट करणं’ यातलं काहीही केलं तर ‘ऑल्टर्ड’ (फेरफार केलेलं) शेरा मारून ग्रेड न देता परत येतं.

पाठवताना पेनी स्लीव्ह (पातळ प्लॅस्टिकचं पाकीट), मग कार्डसेव्हर 1 (जरा लवचीक होल्डर). टॉपलोडर (कडक होल्डर) नको, त्यातून काढताना कोपरा अडकतो. स्लीव्हच्या तोंडाला एका टोकाशी कात्रीने तिरका छेद दिला तर कार्ड आत सरकताना कोपरा घासत नाही. सगळा गठ्ठा दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रबरबँड लावा, हाताने दाबल्यावर हलणार नाही इतपतच घट्ट.

मिल्पिटसवाली
पापडाचं उत्तर: कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, वरचा चकचकीत थर तसा करत नाही, म्हणून कार्ड एका बाजूला ओढलं जातं. तुमच्याकडे न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी पडते, तेव्हा हे हमखास होतं. खोलीतली आर्द्रता 45-50 टक्के ठेवा. वाकलेलं कार्ड स्लीव्हसकट टॉपलोडरमध्ये घालून जाड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे राहू द्या. हेअर ड्रायर, इस्त्री, काही नको. स्क्रूवाले जुने होल्डर कुणी फुकट दिले तरी घेऊ नका, दाबाने पृष्ठभाग चपटा होतो.

चुंबकवाला होल्डर घ्याल तर जाडी बघून घ्या. साधं कार्ड 35 पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग), जर्सीच्या तुकड्याचं बहुधा 130 किंवा त्याहून जाड. सहीची कार्डं खिडकीसमोर मांडू नका, शाई फिकी पडते. मुंबईला नेणार असाल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. ग्रेडिंगचा स्लॅब (ग्रेड झालेलं कार्ड ज्यात बंद होऊन येतं ती प्लॅस्टिकची पेटी) हवाबंद नसतो.

एडिसनकर
सगळ्यांना धन्यवाद. ट्राउट यूएस175 कच्चं, ‘10 येणारच’ असं लिहून कुणी विकतंय. बाजारभावापेक्षा बरंच कमी.

चौथा_कोपरा
10 येणार असतं तर त्यानेच नसतं का पाठवलं? शिवाय या कार्डाच्या नकला आहेत. त्याच 2011 अपडेटमधलं कुठलंही साधं कार्ड काही सेंटांना मिळतं, ते आणून शेजारी ठेवा. लूपखाली फोटो ठिपक्यांचा दिसणारच, पण खऱ्यावर काळी अक्षरं सलग भरलेली असतात. अक्षरंही ठिपक्यांची असली तर ती स्कॅनवरून काढलेली नक्कल. जाडी आणि मागच्या कागदाचा रंगही ताडून बघा. विक्रेता जवळून काढलेले कोपऱ्यांचे फोटो देत नसेल तर सोडून द्या.

स्लॅबमधलं घेतलंत तरी लेबलवरचा नंबर पीएसएच्या साइटवर टाका आणि तिथला फोटो असेल तर त्याच्याशी कार्डाचं सेंटरिंग जुळवा. खरा नंबर चोरून खोट्या लेबलवर छापतात, त्यामुळे नुसता नंबर जुळला म्हणून पैसे देऊ नका.