सल्ला हवा: माणमध्ये ३ एकर माळाला शेळ्यांसाठी सोलर झटका कुंपण. मशीन, बॅटरी, पॅनेल, अर्थिंग कसं निवडावं?

माणदेशी_शिवार
रामराम मंडळी. माण तालुक्यात म्हसवडच्या बाजूला आमचं माळरान आहे. त्यातलं ३ एकर शेळ्यांना चरायला बंदिस्त करायचं ठरवलंय. उस्मानाबादी ४० शेळ्या, २ बोकड आणि करडं. रानाचा घेर साधारण ५०० मीटर. जमीन मुरमाड, उन्हाळ्यात पहार आपटली तर ठिणगी निघते. रानात लाईटचं कनेक्शन नाही, म्हणून सोलर. एका कोपऱ्यावरून मात्र ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाईन गेलीय.

दोन ठिकाणी चौकशी केली. पहिला दुकानदार तयार किट देतोय. खोक्यावर ‘१२ केव्ही, १५ एकरपर्यंत’ असं छापलंय, सोबत १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी आणि २० वॅटचं पॅनेल. जूल किती विचारलं तर उत्तर मिळालं नाही. दुसऱ्याकडच्या मशीनवर आउटपुट १ जूल आणि सरासरी करंट २५० मिलीअँपिअर असं लिहिलंय, बॅटरी-पॅनेल आपलं आपण घ्यायचं. किट स्वस्त पडतं, पण मन घेत नाही.

तारा किती आणि कुठल्या उंचीवर लावू? विजेची जाळी मिळते ती घेऊ का? आमच्या भागात लांडगा आहे, गावातली मोकाट कुत्रीही करडांवर येतात. बजेट खांब धरून ५० हजारांच्या आत बसवायचंय.

कोकणातला_वायरमन
दादा, किट घेऊ नका. मशीन वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण ज्या खोक्यावर जूल लिहिलेले नाहीत त्यावरून ते मशीन तुमच्या रानात चालेल का हे कोणालाच सांगता येणार नाही. १२ केव्ही हा आकडा तारेला काहीच लागलेलं नसतानाचा. गवत टेकलं, दव पडलं, इन्सुलेटरवर चिखल उडाला की तो झरझर उतरतो. किती उतरेल ते ठरतं जूलवर, म्हणजे एका झटक्यात किती ऊर्जा सुटते त्यावर. शेळीच्या अंगावर केस दाट, खूर कोरडे आणि बारीक. तिला तारेच्या सगळ्यात लांबच्या टोकालाही ४,००० व्होल्ट मिळायला हवेत. गाईला २,५००-३,००० मध्ये भागतं. ५०० मीटर घेर आणि त्यात ३ जिवंत (करंट सोडलेल्या) तारा म्हणजे दीड किलोमीटर तार झाली. १ जूल आउटपुट पुरतं. विचारताना ‘आउटपुट जूल’ विचारा, कारण काही जण साठवलेले जूल सांगतात आणि तो आकडा नेहमी मोठा असतो.

आता बॅटरीचा हिशेब, इथंच किट उघडं पडतं. २५० मिलीअँपिअर म्हणजे तासाला पाव एएच, २४ तासांत ६ एएच. ७ एएचची एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी) बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य संपत जातं, म्हणजे तुमच्या हातात साडेतीन एएच. १४ तास. एक रात्र निघेल, दुसऱ्या दिवशी आभाळ आलं की मशीन बंद. किटमधलं मशीन कमी करंट ओढत असेल तर बॅटरी जास्त टिकेल, पण मग झटकाही तेवढाच लहान असणार.

तुम्हाला ४० एएच घ्या. निम्मी वापरली तरी २० एएच, तीन दिवस आभाळ राहिलं तरी चालते. लिथियम फॉस्फेट परवडत असेल तर ३० एएच पुरे, ती ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत जास्त वर्षं जाते. फक्त चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरी बेतानं भरणारा डबा) लिथियमच्या सेटिंगचा हवा. गाडीची जुनी बॅटरी लावू नका. ती क्षणभर स्टार्टर फिरवायला बनवलेली असते, रोज हळूहळू उतरणं तिला सोसत नाही.

पॅनेल: रोजचे ६ एएच गुणिले १२, म्हणजे ७२ वॅट-तास. ढगाळ दिवसांत तुमच्याकडे भर उन्हाचे साडेतीन तास धरू, तारा-कंट्रोलर-धूळ यांत तिसरा हिस्सा गेला असं समजू. ३१-३२ वॅट येतात. तुम्ही ५० वॅटचं घ्या, म्हणजे उतरलेली बॅटरी एक-दोन उन्हांत परत भरते. इतक्या छोट्या पॅनेलला साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर चालतो, महागड्या एमपीपीटी प्रकारावर पैसे घालवू नका. पॅनेल मात्र १२ व्होल्टच्या सिस्टीमचं हवं, ३६ सेलचं. घराच्या छतावरचं मोठं पॅनेल पीडब्ल्यूएमला जोडलं तर निम्मी वीज वाया जाते.

तिरकेपणाबद्दल सगळे ‘दक्षिणेकडे २० अंश’ सांगतात. वर्षभराच्या एकूण उत्पन्नासाठी ते बरोबर आहे. पण कुंपणाला वर्षाची बेरीज काय करायची? अडचण येते पावसाळ्यात. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि प्रकाश ढगांतून सगळीकडून येतो. म्हणून १०-१५ अंशच ठेवा. त्याहून सपाट नको, धूळ बसून राहते.

अजून एक, दुकानातच बघून घ्या. आपल्याकडची बरीच झटका मशीनं रानडुकरांसाठी बनवलेली असतात, सेन्सरवर संध्याकाळी चालू आणि सकाळी बंद होतात. तुमच्या शेळ्या चरणार दिवसा! तो सेन्सर बंद करता येतो का ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेळीवाली_सांगोला
दादा, जाळी नको. शिंगाची शेळी जाळीत डोकं घालते, मागं ओढते, अडकते आणि झटके खात राहते. करडाचं तर लगेच बरंवाईट होतं. मेंढ्यांना किंवा कोंबड्यांना जाळी ठीक आहे, उस्मानाबादीला सरळ तारा.

माझ्याकडे ५ तारा आहेत, जमिनीपासून १५, ३०, ४५, ७० आणि १०० सेंटिमीटरवर. खालच्या तिन्हीतलं अंतर वाढवू नका. शेळी कुंपणावरून उडी मारण्याआधी खालून आणि मधून घुसून बघते. तार २ मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली), किलोला साधारण ४० मीटर भरते. तुम्हाला अडीच हजार मीटर म्हणजे ६०-६५ किलो लागेल, त्याप्रमाणे भाव काढा. वायरीचे धागे विणलेली प्लॅस्टिक दोरी मिळते, ती रोज जागा बदलायची असेल तर सोयीची, पण तिच्यात धातू नावालाच असतो. कायमच्या कुंपणाला तारच.

आणि शेळ्यांना शिकवावं लागतं. लहानशा वाड्यात एक-दोन तारा चालू करून आत सोडा, तारेपलीकडे पाला ठेवा. नाकाला एकदा लागलं की त्या तारेपासून हातभर लांब राहतात. न शिकवता एकदम रानात सोडल्या तर पहिल्या झटक्याला निम्म्या मागं येतात आणि निम्म्या पुढं पळतात, तारा तोडून.

लांडग्याचं म्हणाल तर रात्री शेळ्या पक्क्या शेडमध्येच घ्या. हे कुंपण कुत्र्याला, लांडग्याला बिचकवतं, पण भुकेला लांडगा ओढ्याच्या खड्ड्यातून खाली वाट काढतो. जिथं जमीन खाली गेलीय तिथं एक जादा तार घाला.

वायकाटोकर
नमस्कार. मूळचा फलटणचा, सध्या न्यूझीलंडमध्ये वायकाटोत डेअरी फार्मवर काम करतो. इथं विजेचं कुंपण म्हणजे रोजची भाकरी. हॅमिल्टनजवळच्या रुआकुरा संशोधन केंद्रात डग फिलिप्स यांनी १९६२ च्या सुमारास कपॅसिटरवर (वीज साठवून एकदम सोडणाऱ्या भागावर) चालणारं मशीन बनवलं, तेव्हापासून गवत लागलं तरी दम न सोडणारी कुंपणं शक्य झाली. तुमचं १ जूलचं मशीनही त्याच तत्त्वावर चालतं.

माझा सगळा भर अर्थिंगवर आहे. झटका बसतो तो तारेतून जनावरात, जनावराच्या खुरातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या गजापर्यंत वीज परत आली तरच. इथली जमीन बारमाही ओली, तरी आम्ही गज मोजून ठोकतो. माणच्या मुरमात एप्रिल-मे महिन्यांत जमीन जवळपास वीज वाहतच नाही. लोक मशीन बदलत राहतात आणि दोष असतो पायाखाली.

त्यामुळं दोन कामं करा. एक, तारा आलटून-पालटून जोडा: पहिली, तिसरी, पाचवी जिवंत, दुसरी आणि चौथी अर्थिंगला. शेळीनं दोन तारांमधून डोकं घातलं की दोन्ही लागतात आणि जमीन कोरडी ठणठणीत असली तरी पूर्ण झटका बसतो. शेळीवाली ताईंनी सांगितलेली उंची यासाठी अगदी योग्य आहे.

दोन, गज. ३ जीआय गज, प्रत्येकी ६ फूट, एकमेकांपासून ३ मीटरवर, सगळे एकाच जीआय तारेनं क्लॅम्प लावून जोडलेले. तांब्याची वायर जीआयला जोडू नका, ओलाव्यात तो सांधा खातो. जागा निवडा पाण्याच्या टाकीच्या सांडव्याजवळ किंवा शेड धुतलेलं पाणी मुरतं तिथं. गज खाली जात नसेल तर वाकवून अर्ध्यावर सोडू नका; दोन-अडीच फूट चर खणून आडवा पुरा आणि भोवती बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी माती) भरा. मीठ टाकायची पद्धत आहे, पण त्यानं गज गंजतो.

झाल्यावर तपासा. मशीनपासून १०० मीटरवर चार-पाच लोखंडी सळया जिवंत तारेला टेकवून जमिनीत रोवा, तारेवरचा व्होल्टेज २,००० च्या खाली येईपर्यंत. मग शेवटचा गज आणि त्यापासून मीटरभर लांब रोवलेली खुंटी यांच्यामध्ये मोजा. २००-३०० व्होल्टच्या वर दाखवलं तर अजून एक गज ठोका. ही तपासणी पावसाळ्यात करून समाधान मानू नका, मे महिन्यात करा. आणि कुंपणाचा खास मीटर घ्या, साधा मल्टिमीटर या व्होल्टेजला जळतो.

माणदेशी_शिवार
सगळ्यांचे मनापासून आभार. किट बाद. आता दोन शंका. खालची तार १५ सेंटिमीटरवर म्हणजे पहिल्या पावसानंतर कुसळी गवत लगेच टेकणार. आणि मशीन शेडवर बसवलं तर तिथून कुंपणापर्यंत घरातली वायर चालेल का? माझ्याकडे बंडल पडून आहे.

कोकणातला_वायरमन
घरातली वायर नको. तिचं आवरण ११०० व्होल्टपर्यंतचं, इथं ८-९ हजार येणार. जमिनीत पुरली तर वीज आवरणातूनच मुरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कुंपणासाठीची दुहेरी आवरणाची केबल मिळते, आत जीआय तार असते, तीच आणा.

खालच्या तारेला वेगळा कट-आउट स्विच लावा. गवत फार वाढलं की ती एक तार स्विचनं बंद करायची, वरच्या दोन्ही जिवंत तारा जोरात चालतात. गवत कापलं की पुन्हा जोडायची. स्विच स्वस्त आहे आणि पावसाळ्यात सगळं कुंपण वाचवतो.

इन्सुलेटरमध्ये कंजुषी नको. मधल्या खांबांना यूव्ही प्लॅस्टिकचे चालतील, कोपऱ्यांवर ताण असतो तिथं चिनी मातीचे रील. पाइपचे तुकडे कापून लावलेले मी बघतो, दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि तार अँगलला टेकते. कोपऱ्याचे ४ खांब लोखंडी अँगल, काँक्रीटमध्ये, आतून तिरपा टेकू देऊन. मधे ५-६ मीटरवर बांबू किंवा फायबरच्या काठ्या. तिथं पैसे वाचतील ते केबल आणि बॅटरीत घाला.

ताडोबाकाठ
चंद्रपूरहून लिहितोय. आमच्याकडं ही कुंपणं खूप झाली आहेत, पण ११ केव्हीची लाईन वाचून राहवलं नाही. कुंपणाची तार लाईनखालून न्यावीच लागली तर काटकोनात न्या, लाईनला समांतर नको. तिथं तार जमिनीपासून ३ मीटरच्या वर जाता कामा नये आणि लाईनपासून निदान ४ मीटर अंतर हवं. शक्य असेल तर तो कोपरा सोडूनच द्या. अर्थिंगचे गजही महावितरणच्या किंवा घरच्या अर्थिंगपासून १० मीटर लांब ठेवा.

मशीनवर आयएस ३०२ भाग २ विभाग ७६ किंवा आयईसी ६०३३५-२-७६ लिहिलेलं बघा. त्या मानकात एका झटक्याला ५ जूलची मर्यादा आहे आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर. त्या मधल्या क्षणात माणूस, जनावर हात-पाय सोडवून घेऊ शकतं. मेन लाईनचा करंट थेट तारेत सोडला तर ती उसंत मिळत नाही. आमच्या जिल्ह्यात त्यानं शेतकरीही गेलेत आणि वाघही. हे तुम्ही करणार नाही हे माहीत आहे, पण हा धागा इतर लोकही वाचतील म्हणून लिहितोय.

काटेरी तारेत झटका सोडू नका, अंग अडकलं की सुटता येत नाही. एकाच कुंपणाला दोन मशीनं जोडू नका. पायवाटेच्या बाजूला पिवळे फलक लावा, आजूबाजूच्या पोरांना स्वतः नेऊन दाखवा.

अनुदान: वनविभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वैयक्तिक सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांतलं कमी असेल ते मिळतं. योजना वन्यप्राण्यांचा त्रास असलेल्या ठरावीक गावांसाठी आहे, त्यामुळं तुमचं गाव यादीत आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. मंजुरी हातात येण्यापूर्वी खरेदी करू नका.

माणदेशी_शिवार
लाईनचा कोपरा सोडून देतो, थोडंसंच रान जाईल. सोमवारी वन कार्यालयात जातो. शेवटचं: बैलगाडी जाईल एवढं, १२ फुटांचं फाटक ठेवायचंय. तिथं तारा कशा न्यायच्या?

वायकाटोकर
फाटकाच्या हुकांवर कुंपणाचा करंट अवलंबून ठेवू नका, नाहीतर फाटक उघडलं की पुढचं सगळं मेलं. दोन्ही खांबांमधून दीड-दोन फूट खोल चर घ्या, एचडीपीई पाइप टाका आणि त्यातून दुहेरी आवरणाच्या दोन केबल न्या, एक जिवंत तारांसाठी आणि एक अर्थिंगच्या तारांसाठी. पाइपची तोंडं खाली वाकवून ठेवा म्हणजे पाणी आत जात नाही. फाटकाला स्प्रिंगच्या मुठीच्या तारा लावा आणि मुठीचा हुक जिवंत बाजूला येईल असं बसवा. म्हणजे मूठ काढून खाली टाकली की ती तार आपोआप बंद होते आणि बैलाच्या पायाला लागत नाही.